भुरीवरची बुरशी

मधुमालतीच्या वेलीचे जुने शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस इंडिका. लॅटिनमध्ये ‘क्विस’ म्हणजे कोण आणि ‘क्वालिस’ म्हणजे कसला. नाव कसले, दोन प्रश्न एकमेकांना जोडून ठेवलेले. व्हिन्चेन्त्सो चेसाती या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ साली द्राक्षवेलीवरच्या एका बारीक बुरशीला हेच विशेषण लावले आणि अँपेलोमायसिस क्विस्क्वालिस हे नाव रूढ झाले. द्राक्षवेलीवरची बुरशी, कोण कसली देव जाणे, असा त्याचा सरळ अर्थ. ही बुरशी द्राक्षाच्या पानावर जगत नव्हती. पानावर पसरलेल्या भुरीवर, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या रोगकारक बुरशीवर जगत होती. काकडी, दोडका, भोपळा यांच्या भुरीसाठी आज जी जैविक औषधे दुकानात मिळतात, त्यांतले एक या बुरशीपासून केलेले असते. पण तिच्यापासून केलेले औषध अमेरिकेत रीतसर नोंदले गेले ते १९९४ साली. बारसे आणि नोंदणी यांच्यात १४२ वर्षे गेली. इतका उशीर का, या प्रश्नाला सहसा एकच उत्तर मिळते, की विज्ञान तेवढे पुढे गेलेले नव्हते. हे उत्तर सोयीचे आहे, पण कागदपत्रे त्याला साथ देत नाहीत. ज्ञान फार आधी तयार होते, गरज नव्हती. आणि ती गरज पुढे निर्माण झाली ती रासायनिक औषधे कुचकामी होती म्हणून नव्हे, ती फारच गुणकारी होती म्हणून.

सुरुवात इंग्लंडमधल्या मार्गेटची. १८४५ साली तिथल्या एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचगृहातल्या द्राक्षांवर पांढरी भुकटी दिसली. माइल्स बर्कली या पाद्री-बुरशीतज्ज्ञाने दोन वर्षांनी त्या बुरशीला टकरचेच नाव दिले. रोग खाडी ओलांडून फ्रान्समध्ये उतरला आणि १८५४ साली तिथले वाइनचे उत्पादन चार वर्षांपूर्वीच्या जेमतेम चौथाईवर आले. घबराट उडाली. पण उपायही जवळजवळ रोगाबरोबरच हाती आला होता. टकरने स्वतःच गंधक आणि चुना वापरून पाहिला होता. पुढे माँपेलिएच्या आंरी मारेस यांनी कोरड्या गंधकाच्या धुरळणीचा पुरस्कार केला आणि १८५० चे दशक संपण्याआधी फ्रेंच मळे सावरले. चेसातीने भुरीच्या शत्रूला नाव दिले ते नेमके या धामधुमीत, ज्या रोगाने युरोप हवालदिल झाला होता त्याच रोगाच्या अंगावरून उचलून. म्हणजे शत्रूचा शत्रू पहिल्या सात वर्षांतच पकडला गेला होता. त्याला कामाला लावावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

मनात न येण्याला एक रास्त कारण होते, हे मान्य केले पाहिजे. त्या काळी बुरशी हे रोगाचे कारण की रोगाचा परिणाम, यावरच एकमत नव्हते. झाड आजारी पडते आणि त्या आजारातून पानावर बुरशी उगवते, असे मानणारे विद्वान पुष्कळ होते. भुरीच्या पांढऱ्या धाग्यांत दिसणाऱ्या तपकिरी, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक कुप्या या भुरीचीच फळे आहेत, असे त्युलान बंधूंसारख्या जाणकारांनाही वाटत होते. एकाच बुरशीला अनेक प्रकारची फळे येतात हा त्यांचाच मोठा शोध होता, आणि त्या शोधाच्या भरात परक्याचे मूलही घरचेच वाटले. हा घोळ आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० साली निस्तरला. कुप्या भुरीच्या नाहीत, भुरीच्या धाग्यांच्या आत शिरून वाढणाऱ्या दुसऱ्या बुरशीच्या आहेत, हे त्याने बीजाणू रुजण्यापासून कुपी फुटण्यापर्यंतचा प्रवास पाहून सिद्ध केले. त्या परजीवीला त्याने चेसातीच्या नावावरून वेगळे नाव दिले, पण पुढे मान चेसातीच्याच नावाला मिळाला. बुरशी रोग घडवते हे ठामपणे मांडणाराही द बारीच. तेव्हा १८७० साली दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. भुरी हा जिवंत रोगकारक आहे आणि त्या रोगकारकालाही रोग होतो. यापुढचे पाऊल टाकायला कोणतेही नवे उपकरण लागणार नव्हते.

ते पाऊल पडले नाही, कारण गंधक होते. स्वस्त, साठवायला सोपे, अडाण्यालाही मारता येईल असे. भुरीच्या शेजारच्या केवडा रोगासाठी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी १८८५ साली मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण जाहीर केल्यावर तर पानावरच्या बहुतेक बुरशींचा निकाल लागल्यासारखे झाले. ज्याच्या घरात दिवा आहे तो काजवे गोळा करीत बसत नाही. इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १९३२ साली यारवुड या अमेरिकी रोगतज्ज्ञाने क्लोव्हरच्या भुरीवर अँपेलोमायसिसची टिपणी केली, आणि त्याच वर्षी वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीला वेटोळे घालून कशी खाते हे दाखवले. दोन्ही बुरशी परजीवी, दोन्ही टिपणे एकाच साली. पण पुढे नाव झाले ते ट्रायकोडर्माचे. आज महाराष्ट्रात शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळणारा शेतकरी गावोगाव भेटेल. अँपेलोमायसिसचे नाव घेतले तर तो विचारात पडेल. फरक कर्तबगारीचा नव्हता, जागेचा होता. जमिनीत ओल टिकते, ऊन पोचत नाही, खायला सेंद्रिय पदार्थ असतो. पान म्हणजे उघडे माळरान. सकाळी दव, दुपारी होरपळ, वर अतिनील किरणे, आणि पाऊस आला की सगळे धुऊन साफ. पानाचा पृष्ठभाग हे सूक्ष्मजीवांचे स्वतंत्र जग आहे, हेच मुळी लास्ट आणि रुईनेन यांनी १९५५-५६ च्या सुमारास मांडले. तोवर पान ही औषध मारायची जागा होती, कोणी राहायची नव्हे.

गरज निर्माण झाली ती द्राक्षाच्या नव्हे, काकडीच्या पानावर. हॉलंडच्या काचगृहांत काकडी हे मोठे नगदी पीक होते आणि भुरी ही तिची कायमची सोबतीण. १९६८ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने डायमेथिरिमॉल हे भुरीवरचे औषध बाजारात आणले. ते पानावर फवारायचेही नव्हते. रोपाच्या बुडाशी एकदा ओतले की मुळांतून वर चढून सहा-सहा आठवडे पान निर्मळ ठेवायचे. बागायतदाराला याहून काय हवे? सगळ्यांनीच ते घेतले, सगळ्यांनीच ते सतत वापरले. एका काचगृहातून दुसऱ्या काचगृहात उडणाऱ्या भुरीच्या बीजाणूंना कुठेही गेले तरी तेच औषध भेटत होते. त्यातून जो वाचला तोच वाढला. १९७० पर्यंत औषध इतके निकामी झाले की हॉलंडमधून ते मागे घ्यावे लागले. दोन वर्षांत खेळ आटोपला. अटलांटिकपलीकडे बेनोमिल या बुरशीनाशकाची गत याहून वेगळी नव्हती. ते बाजारात येते न येते तोच, १९६९ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या श्रोडर आणि प्रॉव्हिडेंटी यांनी वेलवर्गीय भाज्यांची भुरी त्याला जुमानत नाही असे छापून टाकले.

हा इतिहास सांगताना ‘रसायने हरली’ असे म्हणायची पद्धत आहे. ते खरे नाही. डायमेथिरिमॉल हरले ते अतिशय नेमके होते म्हणून. गंधक बुरशीच्या पेशीत अनेक ठिकाणी एकदम घाव घालते, त्यामुळे एखाद्या बदलाने बुरशीला सुटका मिळत नाही. नवी औषधे एकाच विकराला, एकाच प्रथिनाला जाऊन भिडत. म्हणून ती थोड्या मात्रेत चालत, झाडाला इजा करत नसत, आणि म्हणूनच बुरशीत एखादा बारीक बदल झाला की निकामी होत. गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले होते. जैविक उपायाची वाट मोकळी झाली ती या दारातून.

दुसरे दार उघडले ते कोळ्यांनी. काकडीवर लाल कोळी पडतो. चिलीहून ऑर्किडबरोबर चुकून जर्मनीत आलेला फायटोसियुलस हा भक्षक कोळी त्याला खातो, हे १९५० च्या दशकाअखेरीस लक्षात आले होते. यान कोपर्ट नावाच्या डच काकडी-बागायतदाराने १९६७ साली हे भक्षक कोळी वाढवून विकायचा धंदा सुरू केला. आता काचगृहात पाळलेले प्राणी आले. गंधकाचा धूर त्यांना मानवत नाही. कीडनाशके तर मुळीच नाहीत. किडींसाठी जिवंत सैनिक ठेवले की रोगासाठीही काहीतरी त्यांना न दुखवणारे लागणार, हे ओघाने आले. बुरशीवरच्या बुरशीची मागणी बुरशीशास्त्रज्ञांनी नव्हे, कोळ्यांच्या मालकांनी निर्माण केली, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

मग जुनी ओळख काढली गेली. कॅनडात जार्विस आणि स्लिंग्सबी यांनी १९७७ साली काचगृहातल्या काकडीच्या भुरीवर पाण्याची फवारणी आणि अँपेलोमायसिस यांचा जोडप्रयोग प्रसिद्ध केला. जर्मनीत आणि नॉर्वेत प्रयोग झाले. नॉर्वेत १९८२ साली सुंडहाइम यांनी बुरशीनाशकांच्या जोडीने तिला वापरून पाहिले. इस्राएलमध्ये खात नावाच्या झुडपावरच्या भुरीतून एक जोमदार वाण वेगळे केले गेले, आणि तेच पुढे इकोजेन कंपनीच्या ‘एक्यू-टेन’ या औषधात गेले. कॅनडात स्यूडोझायमा फ्लोक्युलोसा ही दुसरीच बुरशी पुढे आली. ती भुरीच्या आत शिरत नाही, बाहेरूनच विषारी द्रव्य सोडून तिच्या पेशी कोसळवते. हे सगळे काम मुख्यतः काकडी या एका भाजीभोवती फिरत होते. प्रयोगशाळेला लागून काचगृह, काचगृहात काकडी आणि काकडीवर हमखास भुरी, असा तो योग होता.

या प्रयोगांतच खरी अडचणही उघडी पडली, आणि तिच्याबद्दल औषधाच्या पुडीवर सहसा काही लिहिलेले नसते. भुरी ही बुरशींमधली विचित्र जात. तिला हवेत दमटपणा चालतो पण पानावर साचलेले पाणी आवडत नाही. तिचे बीजाणू कोरडे, वाऱ्यावर उडणारे. अँपेलोमायसिसचे उलट. तिचे बीजाणू चिकट, कुपीतून बाहेर पडायला आणि रुजायला ओल हवी, आणि पसरायचे तर पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर. शिवाय भुरीच्या धाग्यात शिरल्यापासून नव्या कुप्या धरेपर्यंत पाच ते आठ दिवस जातात. शत्रू घोड्यावरून पुढे निघून गेला आणि हा चिखलातून पायी मागे चालला आहे, असा प्रकार. निसर्गात ती भुरीवर नेहमी दिसते, पण दिसते ती हंगामाच्या शेवटाला, जेव्हा पीक वाचवण्यासारखे उरलेले नसते. मिरची आणि टोमॅटोच्या भुरीशी तर तिची गाठ कमीच पडते, कारण तिथली भुरी पानाच्या आत शिरून राहते. आणि सगळ्यांत मोठी मेख म्हणजे भुरी नसेल तर ही जगणार कशावर? तिला कामाला लावायचे तर थोडी भुरी सहन करावी लागते. डायमेथिरिमॉलच्या निर्मळ पानाची सवय झालेल्या माणसाला हे पटवणे अवघड.

यावरून एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. इतकी नाजूक, इतकी उशिरा पोचणारी बुरशी हवीच कशाला? गंधक आहेच. ते आजही चालते, सेंद्रिय शेतीच्या नियमांतही बसते, त्याला भुरी शरण आलेली आहे ती आलेलीच आहे. मला वाटते, या आक्षेपातला निम्मा भाग निमूटपणे मान्य करावा. जैविक नियंत्रणाचा खरा प्रतिस्पर्धी नव्या पिढीचे औषध नव्हे, ते म्हातारे गंधकच आहे. पण उरलेला निम्मा भाग टिकत नाही. काकडीवर्गातल्या कित्येक वाणांची पाने कडक उन्हात गंधकाने भाजतात. भक्षक कोळी सोडलेल्या काचगृहात ते बेताने वापरावे लागते. आणि काढणी तोंडावर आली की फळावर पिवळी पूड कोणालाच नको असते. म्हणजे प्रश्न ‘गंधक की परजीवी’ असा नाहीच. कोणत्या आठवड्यात कोण, असा आहे. १८५२ मध्ये हा प्रश्न विचारायचे कारण नव्हते; आता आहे.

दुसरा आक्षेप व्याख्येचा. आज बाजारात पानावरच्या रोगांसाठी सर्वांत जास्त बोलबाला आहे तो बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा. कॅलिफोर्नियातल्या एका पीच बागेत सापडलेले त्याचे एक वाण अॅग्राक्वेस्ट कंपनीने ‘सेरेनेड’ नावाने २००० च्या सुमारास बाजारात आणले. तो जिवाणू भुरीला खात नाही. तो इटुरिन, सरफॅक्टिन अशी साबणासारखी द्रव्ये तयार करतो आणि ती बुरशीच्या पेशीचे आवरण फाडतात.  मग हे जैविक नियंत्रण, की जिवाणूच्या कारखान्यात तयार झालेले रसायन? याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे स्ट्रोबिल्युरिन. पाइनच्या शंकूवर उगवणाऱ्या एका छोट्या भूछत्रापासून १९७७ साली ते वेगळे केले गेले. भूछत्राचे ते दुसऱ्या बुरशींविरुद्धचे हत्यार होते. मूळ द्रव्य उन्हात पानावर टिकेना, म्हणून कंपन्यांनी त्याच्या रेणूत बदल केले आणि १९९६ साली अझॉक्सिस्ट्रोबिन व त्याची भावंडे बाजारात उतरली. काही वर्षांतच काकडीच्या भुरीने त्यांनाही दाद देणे सोडले. जन्म नैसर्गिक असला म्हणून प्रतिकारशक्तीचा शाप टळत नाही, हे यातून स्पष्ट होते. टळतो तो घाव अनेक ठिकाणी असेल तर, किंवा घाव घालणारा स्वतः जिवंत असून भुरीबरोबर बदलत जाणारा असेल तर. सेंद्रिय आणि रासायनिक या दोन पाट्या इथे फारशा उपयोगाच्या नाहीत.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा. आंबट ताक, दूध, गोमूत्र हे आपल्या शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक होते, परदेशी बुरशींचे कौतुक कशाला? दुधाबद्दल सांगण्यासारखे आहे. ब्राझीलमधल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेतल्या वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली झुकिनीच्या भुरीवर गाईच्या ताज्या दुधाचे पाणी मारून पाहिले, आणि दहा टक्के व त्याहून दाट मिश्रण नेहमीच्या बुरशीनाशकांच्या तोडीस उतरले. ताकाची फवारणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. पण उपाय माहीत असणे आणि तो कशामुळे लागू पडतो हे माहीत असणे यांत अंतर आहे. किती दाट, किती दिवसांनी, कोणत्या पिकाला, याची मोजणी केल्याशिवाय उपाय एका रानातून दुसऱ्या रानात जात नाही. परंपरेचा मान राखायचा असेल तर तिला मोजमापाच्या कसोटीवर उतरवावे. ब्राझीलने दुधाचे केले ते आपण ताकाचे करायला हवे होते.

महाराष्ट्रात या सगळ्याने पाय रोवला तो भाजीमुळे नव्हे, निर्यातीच्या द्राक्षामुळे. युरोपात पाठवलेल्या द्राक्षांत २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि माल अडकला, तेव्हा काढणीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत काय फवारावे हा प्रश्न अचानक पैशाचा झाला. क्लोरमेक्वाट बुरशीनाशक नाही, वाढनियंत्रक आहे. पण अंशाची भीती सगळ्याच फवारण्यांवर बसली. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ चे. पण ट्रायकोडर्मा, बॅसिलस, अँपेलोमायसिस यांचा काढणीच्या सुमारास वापर करण्याचा सल्ला द्राक्षपट्ट्यात रुळला तो या अंशाच्या धाकाने. पुन्हा तेच, की ज्ञान होते, गरज मागून आली. भाजीपाल्याला हा धाक नाही. मंडईत काकडी घेणारे गिऱ्हाईक अंश विचारत नाही, आणि म्हणून काकडी पिकवणारालाही थोडी भुरी सहन करून परजीवीला वाव देण्याचे कारण उरत नाही. पॉलिहाऊसची काकडी हा अपवाद होऊ शकला असता, कारण तिथे ओल आणि ऊन दोन्ही हातात असतात. पण तिथेही माणूस दर आठवड्याला बाटली बदलण्यात गुंतलेला दिसतो. जैविक औषध दुकानात आले, नोंदणी झाली, तरी त्याच्याकडून अपेक्षा मात्र डायमेथिरिमॉलचीच, की एकदा मारले, पान निर्मळ. ही अपेक्षा पुरी झाली नाही की ‘जैविक चालत नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. चालत नाही ते सजीवाला बाटलीतल्या औषधासारखे वागवणे.

तेव्हा हंगाम संपत आल्यावर काकडीचा किंवा दोडक्याचा जुना वेल उपटून टाकण्याआधी वाचकांनी एक करून पाहावे. भुरीने पांढरे झालेले, पण मध्येच मळकट, राखाडी-तपकिरी दिसू लागलेले एखादे पान दहापट भिंगाखाली धरावे. पांढऱ्या धाग्यांत तपकिरी बारीक ठिपके दिसले, तर बहुधा ती चेसातीची बुरशी असेल, कोणी न फवारता आलेली. तसे पान असलेला एखादा वेल तरी लगेच जाळू नये.